एकाची रेघ आणि अनेकांची सरासरी

कारखान्यातल्या वार्षिक वैद्यकीय तपासणीचा कागद हाती पडला, की बहुतेक कामगारांच्या मनात एकच प्रश्न येतो : गेल्या वर्षीपेक्षा आकडा वाढला आहे, म्हणजे प्रकृती खरोखर बिघडली आहे का? महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ 1962 मध्ये स्थापन झाल्यानंतर पिंपरी, भोसरी, आकुर्डी आणि पुढे चाकणपर्यंत जो कारखान्यांचा पट्टा उभा राहिला, त्यातल्या प्रेसशॉप, फोर्जिंग आणि जुळणीच्या विभागांत काम करणाऱ्यांचा रक्तदाब, रक्तातील साखर, डोळे आणि कान तपासले जातात, कागद फायलीत लागतो आणि पुढच्या वर्षी नवा कागद येतो. प्रश्न साधा दिसतो, पण त्यात तीन प्रश्न दडलेले असतात. आकड्यातला फरक यंत्राच्या चुकीचा आहे, त्या दिवसापुरत्या चढउताराचा आहे, की माणसातच बदल झाला आहे? आणि बदल झाला असेल, तर तो त्याच कामावरच्या इतरांपेक्षा वेगाने होत आहे का? या प्रश्नांची उत्तरे एका कागदावरून मिळत नाहीत. ती एकाच माणसाचे अनेक वर्षांचे कागद एका ओळीत मांडल्यावर मिळू लागतात, आणि अशी मांडणी कशी वाचावी हे सांगणारी सांख्यिकीची एक समृद्ध शाखा आहे.

1. एकाच दिवशीची पाहणी काय लपवते

समजा, एका प्रेसशॉपमध्ये एकाच आठवड्यात सर्वांच्या कानांची तपासणी झाली आणि पंचविशीतले, पस्तिशीतले व पंचेचाळिशीतले कामगार असे गट करून प्रत्येक गटाची सरासरी काढली. ऐकू येण्यासाठी आवाज किमान किती मोठा असावा लागतो, त्या पातळीला श्रवणसीमा म्हणतात व ती डेसिबलमध्ये मोजतात. सीमा वर गेली म्हणजे ऐकणे कमी झाले. तिन्ही गटांच्या सरासऱ्या जोडून जी रेघ मिळते तिला 'वयाबरोबर कान कसे बदलतात' याचे चित्र समजण्याचा मोह होतो, परंतु त्या रेघेवरचा एकही बिंदू दुसऱ्या बिंदूवरच्या माणसांचा नसतो. पंचेचाळिशीतला कामगार ज्या काळात भरती झाला, तेव्हाची यंत्रे, आवाजरोधक आवरणे आणि कानात बोळे घालण्याची शिस्त आजच्या पंचविशीतल्या कामगाराच्या वाट्याला आलेल्या परिस्थितीपेक्षा वेगळी होती. त्यामुळे वयाचा परिणाम आणि पिढीचा परिणाम एकमेकांत मिसळून जातात, आणि एकाच दिवशीच्या पाहणीतून ते वेगळे काढता येत नाहीत.

याहून सूक्ष्म अडचण अशी, की ज्यांचे कान फार बिघडले त्यांपैकी काही जण लाइनवरून स्टोअरमध्ये गेलेले असतात आणि काहींनी नोकरीच सोडलेली असते. जुन्या गटात जे उरले, ते टिकलेले आहेत. म्हणून जुन्या गटाची सरासरी वास्तवापेक्षा चांगली दिसू शकते, आणि जे काम धोक्याचे आहे ते निर्धोक भासू शकते. व्यवसायजन्य आरोग्याच्या अभ्यासात याला 'निरोगी कामगार परिणाम' म्हणतात. एकवेळच्या पाहणीचा हा दोष केवळ तात्त्विक नाही, कारण त्यातून काढलेला दिलासा थेट माणसांच्या कानांवर बेततो.

2. माणसामाणसांतला फरक आणि माणसाच्या आतला बदल

या विषयातली मध्यवर्ती कल्पना एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होते. एकाच प्रकारच्या प्रेसवर तीन ऑपरेटर आहेत. नवा ऑपरेटर पाळीत 300 नग काढतो व त्यात 12 रिजेक्ट होतात, मधला 360 नगांत 9 आणि अनुभवी 420 नगांत 6 रिजेक्ट देतो. ही तीन माणसे शेजारीशेजारी ठेवून पाहणारा म्हणेल, की वेग जितका जास्त, तितके रिजेक्शन कमी, तेव्हा सर्वांचा वेग वाढवावा. आता प्रत्येकाला 30 नग जादा काढायला लावले आणि रिजेक्शन अनुक्रमे 15, 12 आणि 9 झाले असे समजा. तिघांच्याही बाबतीत वेग वाढला तेव्हा रिजेक्शन वाढले. माणसामाणसांत तुलना केली तर संबंध उतरता, आणि एकाच माणसाच्या आत पाहिले तर चढता, अशी दोन परस्परविरुद्ध विधाने एकाच वेळी खरी आहेत, कारण पहिल्या संबंधात खरे काम अनुभव करत होता आणि दुसऱ्यात घाई.

एखाद्या व्यक्तीला काय होईल हे समूहाच्या तुलनेवरून सांगणे म्हणूनच जोखमीचे असते. ज्या अभ्यासात तीच माणसे पुन्हापुन्हा मोजली जातात, त्याला येथे पाठपुरावा अभ्यास म्हटले आहे. अशा अभ्यासाची किंमत मोठी असते व फळ उशिरा मिळते, तरी वरील दोन संबंध वेगळे करण्याची सोय त्यातच असते.

3. आकड्याची थरथर

एकाच माणसाचे दोन आकडे वेगळे आले, तरी तेवढ्यावरून माणूस बदलला असे म्हणता येत नाही. श्रवणचाचणीचे यंत्र सामान्यतः 5 डेसिबलच्या पायऱ्यांनी सीमा शोधते, त्यामुळे 20 ऐवजी 25 येणे ही एका पायरीची गोष्ट असते. चाचणीची खोली शांत नसेल, सर्दी झाली असेल किंवा माणूस रात्रपाळीनंतर पेंगत असेल, तरीही आकडा हलतो. शिवाय मोठ्या आवाजात पाळी करून आलेल्या माणसाचे कान काही तास तात्पुरते बधिर असतात व विश्रांतीनंतर सावरतात, म्हणून गुरुवारच्या साप्ताहिक सुट्टीनंतर शुक्रवारी सकाळी घेतलेली चाचणी आणि बुधवारी दुसऱ्या पाळीच्या शेवटी घेतलेली चाचणी एकाच माणसाची असूनही वेगळी येऊ शकते. गेल्या वर्षी शुक्रवारी आणि यंदा बुधवारी तपासणी झाली असेल, तर वाढलेला आकडा वर्षभरातील हानीबद्दल फारच थोडे सांगतो.

या थरथरीतून आणखी एक फसवणूक जन्मते. ज्यांचा रक्तदाब यंदा विशेष जास्त आला, फक्त त्यांनाच निवडून सल्ला दिला आणि पुढच्या वेळी त्यांची सरासरी खाली आली, तर श्रेय सल्ल्याला दिले जाते. पण निवडलेल्यांमध्ये असे बरेच जण असतात, ज्यांचा आकडा त्या दिवसापुरता वर गेला होता. काहीही न करता ते पुढच्या वेळी आपल्या नेहमीच्या पातळीकडे परतले असते. फ्रान्सिस गाल्टन यांनी 1886 मध्ये आईवडील व मुले यांच्या उंचीची तुलना करताना सरासरीकडे परतण्याची ही प्रवृत्ती मांडली. सल्ला निरुपयोगी असतो असा याचा अर्थ नव्हे. सल्ला न मिळालेल्या, पण तितक्याच वरच्या आकड्याच्या लोकांशी तुलना केल्याशिवाय सल्ल्याचा उपयोग किती झाला हे मोजता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

4. थरथर हीच माहिती : सुखात्मे यांचा मुद्दा

आतापर्यंत दिवसागणिक होणाऱ्या चढउताराकडे अडथळा म्हणून पाहिले. त्याच चढउताराला अभ्यासाचा विषय बनवणारे एक मोठे नाव मराठी आहे. सातारा जिल्ह्यात 1911 मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे जगातील अग्रगण्य संख्याशास्त्रज्ञांपैकी एक होते. त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे नेतृत्व केले आणि नंतर पुण्यात येऊन पोषणाच्या प्रश्नावर काम केले.

त्या वेळचा प्रश्न असा होता, की किती लोक अर्धपोटी आहेत हे मोजायचे कसे. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 1971 मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतातील दारिद्र्यावरील अभ्यासात माणशी रोज 2250 कॅलरींचा निकष आधाराला घेतला होता. सरासरी गरज ठरवायची आणि ज्यांचे सेवन त्याहून कमी त्यांना अपुरे खाणारे मानायचे, ही पद्धत सरळ होती. सुखात्मे यांचे म्हणणे होते, की निरोगी माणसाचे सेवन आणि खर्च दोन्ही आठवड्याआठवड्याला बदलतात, आणि हा बदल निव्वळ यादृच्छिक, म्हणजे पूर्वीच्या आकड्याशी संबंध नसलेला, नसतो. आज सरासरीच्या खाली असलेला माणूस उद्याही काहीसा खालीच असण्याची शक्यता जास्त असते आणि मग तो हळूहळू वर येतो. कालच्या विचलनाचा काही अंश आजच्या विचलनात उतरतो, अशा रचनेला संख्याशास्त्रात स्वयंसहसंबंध म्हणतात.

ही बाब बारकाईने समजून घेण्यासारखी आहे. विचलने एकमेकांपासून स्वतंत्र असतील, तर सात दिवसांची सरासरी घेतल्यावर ती बरीचशी एकमेकांना खोडून काढतात आणि माणसाची खरी पातळी स्पष्ट दिसते. पण विचलने साखळीसारखी जोडलेली असतील, तर सात दिवसांची सरासरीही त्या माणसाच्या दीर्घकालीन पातळीपासून दूर राहू शकते. म्हणून, सुखात्मे आणि अमेरिकी पोषणतज्ज्ञ शेल्डन मार्गेन यांनी असा युक्तिवाद केला, की एका आठवड्यात सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारी प्रत्येक व्यक्ती अपपोषित समजू नये आणि सीमा निरोगी माणसाच्या चढउताराच्या खालच्या टोकाशी धरावी. यावर पुढे तीव्र वाद झाला आणि त्यात दांडेकरही उतरले. सीमा खाली आणली की उपाशी माणसे हिशेबातून गळतात ही टीका गंभीर होती, आणि कमी अन्नावर शरीर कोणतीही किंमत न मोजता जुळवून घेते हे गृहीतक तर फारच वादग्रस्त ठरले. सांख्यिकीचा मुद्दा आणि धोरणाचा निष्कर्ष येथे वेगळे ठेवणे न्यायाचे आहे. माणसाच्या आतला चढउतार मोजल्याशिवाय माणसामाणसांतली तुलना अपुरी राहते, हा सुखात्मे यांचा पहिला मुद्दा त्या वादानंतरही मोलाचा उरतो.

5. आरंभ, वेग आणि उधारीची वही

आता मुख्य प्रारूपाकडे वळता येईल. प्रारूप म्हणजे वास्तवाची सोपी गणिती मांडणी. प्रत्येक कामगाराच्या श्रवणसीमेची रेघ दोन गोष्टींनी ठरते असे मानावे : भरतीच्या वेळी तो कोठे होता, आणि दरवर्षी सीमा किती सरकते. पहिल्याला आरंभ आणि दुसऱ्याला वेग म्हणावे. प्रत्येकाचा आरंभ व वेग स्वतःचा असतो, परंतु हे सर्व वेग एका सामाईक सरासरीभोवती पसरलेले असतात. सामाईक भाग आणि व्यक्तिगत भाग एकत्र बांधणाऱ्या या मांडणीला मिश्र प्रारूप म्हणतात. दुभत्या जनावरांची निवड करण्यासाठी चार्ल्स हेंडरसन यांनी या गणिताचा पाया घातला, आणि नॅन लेअर्ड व जेम्स वेअर यांच्या 1982 मधील लेखानंतर ते वैद्यकीय पाठपुराव्यात सर्वत्र पसरले.

येथे स्वाभाविक शंका येते. प्रत्येकाची रेघ त्याच्याच आकड्यांवरून काढावी, इतरांची सरासरी मध्ये कशाला आणावी? याचे उत्तर किराणा दुकानदाराच्या वहीत आहे. नव्याने राहायला आलेले गिऱ्हाईक उधार मागते, तेव्हा दुकानदार त्याच्या एकदोन व्यवहारांवर भरवसा ठेवत नाही, तर आजवरच्या गिऱ्हाइकांच्या अनुभवावरून किती द्यायचे ते ठरवतो. तेच गिऱ्हाईक दहा वर्षे येत राहिले, की त्याचे स्वतःचे पान भरते आणि इतरांचा अनुभव मागे पडतो. मिश्र प्रारूप नेमके हेच करते, फक्त भरवशाचे प्रमाण अंदाजाने न ठरवता हिशेबाने ठरवते.

एक कल्पित हिशेब पाहावा. एका विभागात 4000 हर्ट्झच्या स्वराला श्रवणसीमा सरासरीने वर्षाला 1 डेसिबल सरकते, व्यक्तिव्यक्तींच्या वेगातला पसारा दीड डेसिबलचा आहे आणि एका चाचणीतली थरथर 5 डेसिबलची आहे. पसारा व थरथर ही दोन्ही प्रमाण विचलनाची मापे आहेत, म्हणजे सुमारे दोन तृतीयांश आकडे सरासरीपासून तेवढ्या अंतराच्या आत असतात. एका कामगाराच्या तीन वर्षांच्या चाचण्या 20, 25 आणि 30 आल्या. त्याचा स्वतःचा वेग वर्षाला 5 दिसतो. परंतु तीन चाचण्यांत थरथरीचा वाटा इतका मोठा असतो, की प्रारूप त्याच्या स्वतःच्या आकड्यांना सुमारे 15 टक्के वजन देते आणि वेगाचा अंदाज 1.6 डेसिबल ठरतो. त्याच गतीने सहा वर्षांच्या चाचण्या आल्या, तर वजन सुमारे 61 टक्के होऊन अंदाज 3.4 वर जातो. दहा चाचण्यांनंतर वजन 88 टक्के आणि अंदाज 4.5 होतो.

या आकड्यांतून दोन गोष्टी निघतात आणि दोन्हींचा विचार कारखान्याच्या डॉक्टरने करावा असा आहे. तीन वर्षांच्या चढत्या आकड्यांवरून घाबरून निष्कर्ष काढू नये ही पहिली. दुसरी जास्त महत्त्वाची आहे : अंदाज 1.6 आला म्हणजे कान सुरक्षित आहेत असे नव्हे. पुरावा अद्याप अपुरा आहे, एवढेच त्यातून कळते. अशा कामगाराची चाचणी पुढच्या वर्षापर्यंत लांबवण्यापेक्षा सुट्टीनंतर लगेच पुन्हा घेणे शहाणपणाचे आहे, कारण नंतर मिळणारा आकडा माहितीत भर घालतो आणि गेलेले ऐकणे परत येत नाही. मोठ्या आवाजाने येणारे बहिरेपण कायद्याने नोंदवण्याजोग्या रोगांत आहे. म्हणजे येथे प्रश्न केवळ गणिताचा नाही.

6. रेघ सरळ नसते

वेग आयुष्यभर एकच राहतो ही सोय आहे, सत्य नव्हे. आवाजाने होणारी हानी बहुधा 3000 ते 6000 हर्ट्झच्या टापूत, विशेषतः 4000 हर्ट्झजवळ, प्रथम दिसते, पहिल्या दहाएक वर्षांत झपाट्याने वाढते आणि पुढे मंदावते. वयाने येणारे बहिरेपण याउलट उत्तरार्धात वेग घेते. म्हणून काळ कोणत्या घड्याळाने मोजायचा हा निर्णय आधी करावा लागतो. वय, नोकरीची वर्षे आणि दिनदर्शिकेचे वर्ष ही तीन घड्याळे एकाच माणसावर एकाच वेळी चालतात, आणि घड्याळ चुकीचे निवडले तर वक्ररेषेचा आकारच बदलतो.

वाढीच्या वक्ररेषांचा इतिहास जुना आहे. फ्रान्समध्ये काउंट द माँबेयार यांनी 1759 ते 1777 या काळात आपल्या मुलाची उंची नियमित मोजली, आणि जन्मानंतरचा झपाटा, मधला संथ काळ व किशोरवयातली उसळी हे वाढीचे टप्पे त्या एका मुलाच्या नोंदींत स्पष्ट दिसतात. अनेक मुलांची सरासरी काढली असती, तर ही उसळी बोथट झाली असती, कारण कोणी बाराव्या वर्षी उंच होतो आणि कोणी पंधराव्या.

पुण्याजवळ याच विचाराचे मोठे आधुनिक उदाहरण आहे. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत सुरू झालेल्या पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडीने स्त्रियांची गर्भारपणात मोजमापे घेतली, आणि जन्मलेल्या बाळांचा पाठपुरावा ती तरुण होईपर्यंत केला. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत या बाळांचे सरासरी जन्मवजन 2.7 किलो होते आणि इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे 3.5 किलो. पण त्वचेखालच्या चरबीत तितकी तूट नव्हती. दिसायला रोड पण चरबीने भरलेले, असे या बाळाचे वर्णन पुढे जगभर पोचले. जन्माच्या वेळी घेतलेले हे माप एकवेळचेच होते. त्याला अर्थ आला तो त्याच मुलांची साखर सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या वर्षी मोजली गेल्यामुळे, कारण लहानपणी इतरांपेक्षा वर असलेले मूल मोठेपणीही वरच राहते का, हे फक्त त्याच मुलाच्या रेघेवरून समजते. आपल्या वयाच्या मुलांतील स्थान असे टिकून राहण्याला मागोवा राखणे म्हणतात, आणि मधुमेहाची सुरुवात कोठे शोधायची याचा निर्णय त्यावर अवलंबून असतो.

7. तुटलेल्या रेघा

पाठपुराव्याचा सर्वांत अवघड भाग गणितात नाही, माणसे निसटण्यात आहे. एखाद्या वर्षीची तपासणी बंद कारखान्यामुळे चुकली, जसे 2020 च्या टाळेबंदीत घडले, तर ती पोकळी कामगाराच्या कानांशी संबंधित नसते, आणि मिश्र प्रारूप उरलेल्या आकड्यांवरून रेघ नीट ओढू शकते. पण कामगार ऐकू येत नाही म्हणूनच काम सोडून गेला असेल, आणि ती शेवटची घसरण कोणत्याही चाचणीत नोंदली गेली नसेल, तर कोणतेही प्रारूप ती भरून काढू शकत नाही. उरलेल्यांच्या रेघांवरून काढलेली सरासरी तेव्हा चुकीच्या दिशेने झुकते.

चाकण पट्ट्यात हा धोका विशेष आहे, कारण कंत्राटी कामगाराचा ठेकेदार बदलला की टोकन नंबर बदलतो, आणि दोन कारखान्यांतल्या फायली एकमेकींना ओळखत नाहीत. कागदावर तीन माणसांच्या तीन छोट्या रेघा दिसतात, प्रत्यक्षात ती एकाच माणसाची दहा वर्षांची रेघ असते. वरच्या हिशेबात तीन चाचण्यांना 15 टक्के आणि दहा चाचण्यांना 88 टक्के वजन का मिळाले हे आठवले, म्हणजे या तुटण्याची किंमत कळते. रेघ जोडता येते याचा दाखलाही जवळच आहे. शिरूर व हवेली तालुक्यांतल्या गावांत के. ई. एम. रुग्णालय संशोधन केंद्राच्या वढू येथील उपक्रमाने 2002 पासून प्रत्येक व्यक्तीला कायमचा ओळखक्रमांक देऊन जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांची सलग नोंद ठेवली आहे, आणि हा परिसर स्वतः उद्योगांनी वेगाने बदलत असतानाही ती चालू ठेवली आहे.

कारखान्यांसाठी यातील सर्वांत सोपा धागा कर्मचारी राज्य विमा योजनेचा विमा क्रमांक आहे, कारण नोकरी बदलली तरी तो बदलत नाही. वेतनमर्यादेमुळे प्रत्येक कामगार त्या योजनेत येत नाही, तरी जे येतात त्यांच्या श्रवणचाचणीच्या कागदावर टोकन नंबराशेजारी हा क्रमांक लिहिला गेला, तर दोन ठेकेदारांकडचे कागद एकाच माणसाचे म्हणून जुळवता येतील. याच्या जोडीला आणखी दोन नोंदी हव्यात : चाचणीआधी किती तास विश्रांती मिळाली होती, आणि काम सोडताना घेतलेली शेवटची चाचणी. या दोन्हींपैकी दुसरी अधिक मोलाची आहे, कारण निघून जाणाऱ्याची रेघ कोठे संपली हे तिच्याशिवाय कधीच कळत नाही, आणि मागे राहिलेल्यांचे कान कोणत्या दिशेने जात आहेत याचा खरा अंदाज अनेकदा निघून गेलेल्यांच्याच शेवटच्या आकड्यांत असतो.